सात म्हणजे सात, पण कुणाचे?

प्रिय ताई,

मी नारायण पेठेत तीसेक वर्षं गाणं शिकवते. लॉकडाउनपासून काही जण ऑनलाइन शिकतात. गेल्या जूनपासून शनिवारी संध्याकाळी सातला एक नवा वर्ग सुरू केला: न्यू जर्सीतल्या दोन बहिणी आणि लंडनची एक मुलगी. शिवाय रविवारी सकाळी साडेसातला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा अकरा वर्षांचा मुलगा असतो आणि दुपारी दीडला मेलबर्नच्या एक बाई, त्या नोकरी करतात. या दोघांशी आदल्या दिवशी फोन होतो, म्हणून निभावतं.

१ नोव्हेंबरला लंडनची मुलगी उगवली ती आठ वाजता, वर्ग संपताना. तिच्या आईला समजावलं. पुढच्या शनिवारी ती बरोबर सातला हजर, तर न्यू जर्सीच्या दोघी गायब! आठ वाजता मी तानपुरा ठेवला, कुकर चढवला आणि फोन वाजला. मुलींचे वडील म्हणाले, "वेळ बदलायची होती तर आधी कळवायचं होतं." ताई, मी वेळ बदललीच नाही हो. माझे सात म्हणजे सात. ते म्हणतात, आमचे साडेनऊ म्हणजे साडेनऊ. बरं, मी दिवाळीनंतरच्या बुधवारी, २९ ऑक्टोबरला, फोनमध्ये न्यू जर्सीची वेळ बघूनसुद्धा ठेवली होती!

मुलगा म्हणतो, "आई, सोप्पंय." त्याला असेल. मला एक कायमचा तक्ता द्या, भिंतीवर लावते. जुलैत गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने २६ तारखेच्या रविवारी सगळ्यांना एकत्र बसवायचं मनात आहे, त्याचीही वेळ सुचवा. आणि मुख्य म्हणजे चूक कुणाची ते सांगा.

– सात म्हणजे सात, नारायण पेठ

नमस्कार बाई,

'मुख्य म्हणजे' असं म्हणून जे विचारलंत तिथूनच सुरुवात करते. चूक कुणाचीच नाही. दोन्ही बाजूंना बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, खरंच नाही.

तुमचे सात जागचे हलले नाहीत. न्यू जर्सीचे साडेनऊही हलले नाहीत. हललं ते दोन्हींमधलं अंतर. तिकडे दिवसाचा उजेड वाचवायचा म्हणून उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेतात ('डेलाइट सेव्हिंग' म्हणतात ते) आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे आणतात. त्यामुळे उन्हाळाभर पुणं न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं. २ नोव्हेंबरला, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, अमेरिकेने पहाटे दोन वाजता घड्याळं तासभर मागे घेतली आणि ते अंतर साडेदहा तासांचं झालं. तेव्हापासून तुमच्या सातला तिकडे साडेआठच वाजतात. त्या दोघी बिचाऱ्या नेहमीसारख्या साडेनऊला वही उघडून बसल्या असणार, तोवर तुमच्या कुकरची पहिली शिट्टी झालेली.

लंडनने हाच प्रकार आठवडाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उरकला होता. म्हणून ती मुलगी १ तारखेला चुकली आणि या दोघी ८ तारखेला.

आणि फोनही खोटं बोलला नाही. जगभरची घड्याळं दाखवणारं ते पान तिथे आत्ता किती वाजलेत एवढंच सांगतं. तुम्ही बघितलंत ऑक्टोबरातल्या बुधवारी, वर्ग होता नोव्हेंबरातल्या शनिवारी. आज मंडईत भाव विचारून पुढच्या महिन्याच्या भाजीचे पैसे बाजूला काढल्यासारखं झालं ते.

तुम्हाला शहाणपण शिकवण्याआधी माझी फजिती सांगते. हिंजवडीच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं परदेशातल्या लोकांशी बैठका जुळवायचं काम केलं. एक ग्राहक ॲरिझोनातल्या फीनिक्सचा. त्यांच्या सकाळी आठला बैठक, आपल्या रात्री साडेआठला. नोव्हेंबर आला. मी मोठ्या हुशारीने सगळ्यांना कळवलं, "अमेरिकेची घड्याळं बदलली, उद्यापासून साडेनऊ." आणि फीनिक्सवाले तासभर रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले. ॲरिझोना राज्य घड्याळ बदलतच नाही! तिथे ऊन इतकं की आणखी वाचवून करायचं काय. (त्या राज्यातला नवाहो लोकांचा प्रदेश मात्र बदलतो. म्हणजे राज्याच्या आत पुन्हा वेगळं.) साहेबांनी मला काही म्हटलं नाही, पण खाली रात्रीची कॅब तासभर खोळंबली होती, त्या चालकाने जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही. त्या दिवसापासून मी देशाचं नाव घेऊन वेळ विचारणं सोडलं. गावाचं नाव घेते.

आता तुमच्या वर्गाचं. हे पट्टीच्या भाषेत सांगते, म्हणजे मला कमी बोलावं लागेल. एक जण पेटीवरच्या काळी एकमध्ये आणि दुसरी काळी पाचमध्ये, असे दोघं एकच बंदिश एकदम गायला बसले, तर दोघांचाही सा आपापल्या जागी चोख असतो. तरी शेजारी खिडकी लावून घेतात. तुमच्या वर्गाची पट्टीच ठरली नव्हती. तुम्ही पुण्याच्या सातात होतात, ते न्यू जर्सीच्या साडेनऊत. जून ते ऑक्टोबर दोन्ही सूर योगायोगाने एकमेकांवर बसले, म्हणून कुणाला शंका आली नाही.

तेव्हा बेरीज-वजाबाकी मागाहून. आधी ठरवायचं ते हे, की हा वर्ग कुणाच्या घड्याळाने चालणार. ते एकदा ठरलं की बाकीच्यांच्या वेळा आपोआप निघतात, आणि पुन्हा वाद झाला तर कुणाचं बरोबर हेही त्यावरूनच ठरतं.

माझं मत विचाराल तर शनिवारचा वर्ग न्यू जर्सीच्या घड्याळाला बांधा. तुम्हाला हे चटकन पटणार नाही, शिकवणाऱ्या तुम्ही. पण लहान मुलींना शिकवताना तुम्ही त्यांच्या पट्टीतच गाता ना? त्यांच्या शनिवारी पोहणं असतं, फुटबॉल असतो, कुणाचा तरी वाढदिवस असतो, आणि ते सगळं त्यांच्या घड्याळाबरोबर सरकतं. पुण्यात सरकायचा तो तुमचा कुकर. शिवाय लंडनचाही यात फायदा आहे, तो असा. लंडन आणि न्यू जर्सी दोघंही वसंतात घड्याळ पुढे नेतात, शरदात मागे घेतात, त्यामुळे त्यांच्यात वर्षभर पाच तासांचंच अंतर राहतं. फक्त तारखा जुळत नाहीत तेवढे मोजके आठवडे ते चारवर येतं. म्हणजे न्यू जर्सीला बांधलेला वर्ग लंडनच्या मुलीसाठीही जवळजवळ स्थिर. पुण्याला बांधला तर तिघीही वर्षातून दोनदा हलणार, त्याही वेगवेगळ्या आठवड्यांत.

वेळ मात्र साडेनऊऐवजी नऊ करा, पालकांना विचारून. त्याला कारण आहे. आपल्या घड्याळात अर्ध्या तासाची एक खोच आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ मोजली जाते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरच्या बाजूला. साडेब्याऐंशी चोक तीनशे तीस मिनिटं, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. बहुतेक देशांची अंतरं पूर्ण तासांची, आपल्याला मात्र हे 'साडे' चिकटलेलं. (नेपाळने पावणेसहा धरलेत, आपल्या पाव तास पुढे. त्यांच्याशी बैठक ठरवणाऱ्याला माझा नमस्कार.) म्हणून पुण्याचे पुरे सात म्हणजे जगाचे कुठले तरी साडे. तुम्ही साडे घेतलेत की बाकी सगळ्यांना पुरा तास मिळतो. पोरांना 'नऊ' लक्षात राहतं, 'साडेनऊ की साडेआठ' यातच घोळ होतो.

तर न्यू जर्सी सकाळी नऊ. पुण्यात ते उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. आठच्या आसपास वर्ग आटोपेल, कुकर वाचला. लंडनला दुपारचे दोन.

२०२६ सालच्या तारखाच सांगते. अमेरिका ८ मार्चला घड्याळ पुढे नेते आणि १ नोव्हेंबरला मागे घेते. लंडन २९ मार्चला पुढे, २५ ऑक्टोबरला मागे. म्हणजे तुमचा शनिवारचा वर्ग ७ मार्चपर्यंत साडेसातला, १४ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत साडेसहाला, आणि ७ नोव्हेंबरपासून पुन्हा साडेसातला. लंडनच्या मुलीला वर्षातले फक्त चार शनिवार, १४, २१, २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर, दोनऐवजी एक वाजता बसायचंय. तिच्या आईला हे चारच दिवस लिहून द्या. बाकी वर्षभर तिने घड्याळाचा विचारही करायचा नाही.

हा झाला तुमचा तक्ता. 'कायमचा' मागितलात, तो देता येत नाही. तारखा दर वर्षी बदलतात. नियम मात्र टिकाऊ आहे: अमेरिकेचा मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, हा २००७ पासून चालू आहे. लंडन आणि बहुतेक युरोपचा मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की गॅसच्या नोंदी करायच्या आधी या चार रविवारांना लाल गोल करा. मला स्वतःला लक्षात राहतं ते असं: होळीच्या सुमाराला अमेरिका हलते, पाडव्याच्या सुमाराला लंडन, आणि दिवाळीच्या पुढेमागे दोघंही परततात. आपले सण चंद्राच्या हिशेबाने पुढेमागे होतात, त्यामुळे यावरून तारीख काढू नका. फराळाची तयारी सुरू झाली की 'अरे, ते घड्याळ!' एवढं आठवावं, इतकाच त्याचा उपयोग.

मेलबर्न उलटं आहे. तिथे आपला हिवाळा म्हणजे उन्हाळा, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबर आणि ५ एप्रिल. तुमच्या दुपारच्या दीडला त्यांच्याकडे एप्रिल ते ऑक्टोबर संध्याकाळचे सहा, उरलेले महिने सात. त्या मोठ्या आहेत, नोकरी करतात, स्वतःचं बघू शकतात. तो वर्ग खुशाल पुण्याच्या दीडला ठेवा, फक्त 'पुण्याचे दीड' हे शब्द एकदा उच्चारा. उद्या ब्रिस्बेनची शिष्या मिळाली तर लक्षात ठेवा, क्वीन्सलंड घड्याळ बदलत नाही. पुन्हा तेच, देश नको, गाव विचारा.

सॅन होजेच्या मुलाचा वर्ग त्याच्या घड्याळाला बांधा: त्याचा शनिवार, संध्याकाळचे सात. तुमच्याकडे उन्हाळ्यात रविवारी सकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. इथे वार वेगळा आहे हे विसरायचं नाही. त्याच्या आईशी बोलताना तुम्ही 'रविवारचा वर्ग' म्हणता, ती 'शनिवारचा' म्हणते, आणि दोघींना एकमेकींची काळजी वाटते.

आता तोंडी हिशेब. साडेनऊ तास वजा करायला गेलं की हातचे चुकतात, तेव्हा वजाबाकी करूच नका. न्यू जर्सीसाठी उन्हाळ्यात पुण्याच्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळ-संध्याकाळ उलटी करा. संध्याकाळचे साडेसहा, अधिक अडीच, नऊ, सकाळचे. हिवाळ्यात अडीचऐवजी दीड. सॅन होजेसाठी उन्हाळ्यात नुसता अर्धा तास काढून टाका आणि सकाळ-संध्याकाळ उलटी करा: सकाळचे साडेसात, वजा अर्धा, सात, आदल्या संध्याकाळचे. हिवाळ्यात दीड तास काढा. बाराच्या आसपासच्या वेळांना ही युक्ती घसरते, पण तुमचा एकही वर्ग तिथे नाही.

लंडनसाठी हिवाळ्यात गणितही नको. माझ्या वडिलांचं एचएमटीचं मनगटी घड्याळ आहे, आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. पुण्याची वेळ लावलेलं ते घड्याळ उलटं धरायचं, बाराची रेघ खाली. सात वाजले असतील तर तासकाटा एकवर आणि मिनिटकाटा सहावर दिसतो: दीड. लंडनला खरंच दीड वाजलेला असतो! आपलं अंतर नेमकं साडेपाच तासांचं असल्यामुळे ही गंमत जमते. मिनिटकाटा अर्धा फेरा फिरला की अर्धा तास, तासकाटा अर्धा फेरा फिरला की सहा तास. तासकाटा जरा लबाडी करतो हे कबूल. साडेसातला उलटं धरलं तर तो एक आणि दोनच्या मधे लटकतो आणि मिनिटकाटा बारावर, मग ते दोन समजायचे. उन्हाळ्यात लंडन साडेचारच तास मागे, तेव्हा घड्याळ सरळ घाला. विद्यार्थ्यांना करून दाखवा, एक दिवस रियाझ होणार नाही.

पण हे झालं स्वतःच्या खात्रीसाठी. लोकांना कळवताना त्यांच्यावर गणित सोपवू नका. शनिवारच्या वर्गाच्या ग्रुपवर शुक्रवारी असा निरोप टाका:

"शनिवार, ७ नोव्हेंबर. न्यू जर्सी सकाळी ९, लंडन दुपारी २, पुणे संध्याकाळी ७:३०. न्यू जर्सीचं घड्याळ मागच्या रविवारी बदललं, आपला वर्ग त्यांच्या घड्याळाने तोच आहे."

वार, तारीख, गाव, आणि सकाळ की संध्याकाळ. तीन इंग्रजी अक्षरांची लघुरूपं नकोत. न्यू जर्सीकडचे, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे लोक बाराही महिने बिनदिक्कत 'ईएसटी' लिहितात. ते नाव तिथल्या हिवाळ्याच्या वेळेचं. उन्हाळ्यात तिला 'ईडीटी' म्हणतात. जुलैत कुणी 'साडेनऊ ईएसटी' लिहिलं आणि तुम्ही ते अक्षरशः घेतलंत तर तुमच्याकडे आठ वाजतील, त्यांच्या मनात असतील तुमचे सात. आपली 'आयएसटी' तरी कुठे एकट्या आपली आहे, आयर्लंड आणि इस्राएलसुद्धा तीच अक्षरं वापरतात. सीएसटी म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याची वेळ, चीनची वेळ, आणि आपल्या पिढीसाठी मुंबईचं स्टेशन.

'रात्री बारा' हा शब्दप्रयोगही टाळा. आपल्या बोलण्यात शनिवारची रात्र झोपेपर्यंत शनिवारचीच असते. कॅलेंडरच्या लेखी बारा वाजताच रविवार उजाडतो. पंधरा तारखेचं रात्री बारा-चाळीसचं विमान पकडायला पंधराच्या रात्री विमानतळावर पोचलेले माझ्याच घरात दोन आहेत. नावं सांगत नाही, दोघंही हे सदर वाचतात.

मुलाला एक काम लावा, एकदाच. फोनच्या कॅलेंडरमध्ये शनिवारचा वर्ग नोंदवताना वेळेच्या विभागात भारत न ठेवता न्यू यॉर्क निवडायला सांगा (न्यू जर्सीची वेळ तीच), आणि 'सकाळी ९, दर आठवड्याला'. पुढे घड्याळ बदलेल त्या आठवड्यात पुण्याची वेळ तुमच्या फोनवर आपोआप सरकलेली दिसेल. सॅन होजेच्या वर्गाला लॉस एंजेलिस निवडायचं (तिथलीही वेळ तीच). मेलबर्नचा वर्ग भारताच्याच वेळेवर राहू दे. पुढची एखादी तारीख तपासायची असेल तर 'टाइम अँड डेट' या संकेतस्थळावर तारीख आणि गावं घालून वेळ बघता येते. फोनमधल्या नुसत्या घड्याळावर भरवसा का ठेवायचा नाही, ते तुम्ही अनुभवलंतच.

मुलींच्या वडिलांना मी असं लिहीन: "८ तारखेला तुमचे साडेनऊ बरोबर होते आणि माझे सातही बरोबर होते, आपण कुणाचं घड्याळ धरायचं तेच ठरवलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तुमचं धरूया, सकाळी नऊ चालतील का? बुडलेला तास या रविवारी भरून घेते." माफी मागू नका, मागायचं काही घडलेलंच नाही. तास मात्र भरून द्या. त्या मुलींनी तुमच्यासाठी तासभर वाट पाहिली असेल.

राहिली गुरुपौर्णिमा. चारही गावांना सोयीची वेळ काढायला बसले, दोनदा चहा झाला, आणि निष्कर्ष असा की ती वेळ अस्तित्वात नाही. पुण्याची सकाळ धरली तर लंडन झोपलेलं, दुपार धरली तर अमेरिका. कुणाची झोप मोडायची एवढंच आपल्या हातात आहे. कमीत कमी मोडतोड होते ती पुण्याच्या संध्याकाळी साडेसहाला: न्यू जर्सी सकाळी नऊ, लंडन दुपारी दोन, सॅन होजे सकाळी सहा, मेलबर्न रात्री अकरा. सगळीकडे रविवार, २६ जुलै, ही एक चैन. मेलबर्नच्या बाईंना सोमवारी कामावर जायचंय, म्हणून त्यांना आधी गाऊन मोकळं करा. अकरा वर्षांच्या मुलाला सुट्टीच्या दिवशी सहाला उठवायची जबाबदारी त्याच्या आईची. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची तरी पाळी लावा, दर वेळी त्याच पोराला उठवू नका.

आणि हा भाग मला स्वतःला फार आवडला म्हणून लिहिते. घड्याळाचं काही असो, तुमच्या रागांच्या वेळा सूर्याच्या आहेत. पुण्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे पस्तीस मिनिटं मागे असतो, मिर्झापूरहून इथवर यायला त्याला तेवढा वेळ लागतोच. मुंबई त्याहून थोडी मागे, एकोणचाळीस मिनिटं. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने हा फरक सोडायला १९५५ साल उजाडू दिलं. तेव्हा २६ जुलैला साडेसहाला पुण्यात अजून उजेड असेल, यमनाला थोडा अवकाश आहे, तुम्ही मारवा घ्या. सॅन होजेला त्या वेळी नुकतं तांबडं फुटत असेल, तो मुलगा डोळे चोळत भैरव गाईल. न्यू जर्सीच्या दोघींना अल्हैया बिलावल. लंडनला घड्याळात दोन, पण उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे पळतं, म्हणजे खरा एकच वाजलेला, तिथे वृंदावनी सारंग अगदी बसतो. मेलबर्नला अकरा, थंडीची रात्र, बाहेर सामसूम: त्या बाईंना बागेश्री येत असेल तर तीच द्या.

तानपुरा कुठल्या पट्टीत लावायचा ते तुम्ही बघा. वेळेचा निरोप शुक्रवारी सकाळीच टाका, मेलबर्नची दुपार असेल.

– ताई